साथ नसतानाच उपकेंद्र उभे करा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि राज्यातील सर्व जिल्हा परिषदांच्या आरोग्य समित्या

विषय : पुढच्या साथीआधी गावपातळीवरची प्राथमिक आरोग्य यंत्रणा कायमची भक्कम करण्याबाबत

महोदय,

मी सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, डोंगरावरच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आरोग्य खात्याशी माझा नोकरीचा संबंध नाही. पण कोरोनाच्या काळात आमच्या शाळेचे विलगीकरण केंद्र झाले, मला सर्वेक्षणाची ड्युटी लागली, आणि एरवी लसीकरणाच्या दिवशी व्हरांड्यात दिसणारी यंत्रणा मला जवळून पाहायला मिळाली. उपकेंद्राच्या सिस्टर, आरोग्य सेवक, गावातल्या आरोग्य स्वयंसेविका म्हणजे आशा, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे (पीएचसीचे) डॉक्टर ही सगळी माणसे तेव्हा कशाच्या जोरावर उभी राहिली आणि कशापायी मेटाकुटीला आली, ते मी पाहिले आहे. तेच आपल्यापुढे मांडायचे आहे.

साथ ओसरल्यावर मोठ्या दवाखान्यांकडे सरकारचे लक्ष गेले, हे चांगलेच झाले. ऑक्सिजनचे प्रकल्प आले, अतिदक्षता विभाग वाढले, वैद्यकीय महाविद्यालये मंजूर झाली. माझे म्हणणे त्याखालच्या पायरीबद्दल आहे. आमच्या भागात कोरोनाशी पहिली गाठ उपकेंद्राची पडली. त्या उपकेंद्राला जे बळ मिळाले ते काही महिन्यांपुरते होते, साथ गेली आणि बळही गेले. पुढची साथ कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून हे काम साथ नसताना, आत्ताच करावे, एवढीच माझी मागणी आहे. पुढचे सगळे पत्र त्या एका मागणीसाठी आहे.

पाटण तालुक्यातल्या क्वचितच एखाद्या घरातले कुणी मुंबईला नसेल. आमचे लोक पिढ्यानपिढ्या मशीद बंदर, वाशी मार्केट इथे माथाडीचे काम करत आले आहेत. मे 2020 मध्ये पास मिळू लागले आणि मुंबईकर गावी यायला लागले. कुणी टेंपोने आले, कुणी कशाने. गावच्या वेशीवर आडवी लाकडे टाकलेली. आपलीच माणसे, पण भीती अशी की सख्खा भाऊ भावाला लांबून बोलत होता. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशा, अंगणवाडी सेविका यांची ग्रामस्तरीय समिती झाली. आलेल्यांना चौदा दिवस शाळेत ठेवायचे ठरले. वर्गातले बाक बाहेर आले, चटया अंथरल्या गेल्या, घरून डबे यायला लागले.

रोज सकाळी आशाताई यायची, अंतरावर उभी राहून एकेकाची चौकशी करायची आणि वहीत लिहायची. सुरुवातीला तिच्याजवळ ताप मोजायची बंदूकसुद्धा नव्हती. मास्क घरी शिवलेला. शाळेत राहणाऱ्यांत एक गरोदर सुनबाई होती, तिची तारीख जवळ आली होती. दोन मधुमेही होते आणि त्यांच्या गोळ्या मुंबईच्या घरीच राहिल्या होत्या. हे आशाताईला पहिल्याच दिवशी कळले, कारण तिने ताप विचारण्याआधी घरचे विचारले. गोळ्या पीएचसीतून आल्या. सुनबाईसाठी वेगळी खोली झाली आणि बाळंतपणाचे आधीच ठरवून ठेवले गेले. कोरोनाचे कोणतेही परिपत्रक येण्याआधी हे झाले होते. त्या बाईला आपले काम माहीत होते, आणि गावाला ती माहीत होती.

मग सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली. 15 सप्टेंबर ते 25 ऑक्टोबर 2020, दोन फेऱ्या. एक आरोग्य कर्मचारी आणि दोन स्वयंसेवक असे पथक घरोघर फिरायचे, तापमान आणि ऑक्सिजन मोजायचे, घरात मधुमेह, रक्तदाब, दमा, किडनीचा आजार, कॅन्सर असलेले कुणी आहे का ते नोंदवायचे. ऑक्सिजन 95 च्या खाली दिसला की पुढे पाठवायचे. या पथकात मी होते. शहरात अशी मोहीम म्हणजे दारावरची बेल आणि अनोळखी चेहरे. आमच्याकडे आशाताई नुसती अंगणात उभी राहिली तरी आतून आवाज यायचा, ‘ये गं, चहा टाकलाय.’

एका वाडीवर एक म्हातारबाबा पडवीत घोंगडे पांघरून बसले होते. घरचे म्हणाले, काही नाही, जरा थंडी वाजतेय. बोटाला ऑक्सिमीटर लावू देईनात. कारण सरळ होते, तालुक्याच्या कोविड सेंटरला नेले की माणूस परत येत नाही, असे सगळीकडे बोलले जात होते. आशाताई त्यांच्या शेजारी बसली. यांच्या नातवाच्या जन्माच्या वेळी रात्री जीप तिनेच शोधून आणली होती. तिने तेवढेच आठवून दिले आणि म्हणाली, तेव्हा मी सोबत होते, आताही येते. बाबांनी बोट पुढे केले. आकडा कमी होता. त्याच दुपारी ते कोविड सेंटरला गेले आणि औषधोपचार होऊन घरी परतले. महोदय, तिथे मी एकटी गेले असते तर मास्तरीणबाईंना पाणी विचारून सन्मानाने परत पाठवले असते.

हा विश्वास मोहिमेने आणलेला नव्हता. आशा बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. क्षयाच्या रुग्णाला सहा-सहा महिने गोळ्यांची आठवण करून देते. लसीकरणाच्या दिवशी रानात गेलेल्या आईला हाका मारून बोलावते. बारा-पंधरा वर्षे रोज असे थोडे थोडे साठत गेले आणि साथीत ते कामी आले.

विश्वास नसला तर काय होते, हे याच महाराष्ट्राने पाहिलेले आहे. 1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या समितीने सोल्जरांकरवी घरे तपासली. सामान रस्त्यावर फेकले गेले, बायकामाणसांची विटंबना झाली, आणि लोक रुग्ण लपवू लागले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत झालेला साथरोग कायदा मार्च 2020 मध्ये आपण पुन्हा लागू केला. कायदा तोच, पण तेव्हा दारात बंदूकधारी होता आणि आता गल्लीतली बाई होती. प्लेगच्या त्याच दिवसांत आमच्या साताऱ्याच्या, नायगावच्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ मुलगा यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या. दरवर्षी 3 जानेवारीला मुलींना त्यांच्याविषयी सांगताना मला आता आमच्या गावची आशाताईही आठवते. हे सगळीकडे गोडीगुलाबीने झाले असे मात्र मी म्हणणार नाही. 2020 मध्येही आशांना शिवीगाळ झाली, काही ठिकाणी अंगावर धावून गेले, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणासाठी केंद्राला एप्रिलमध्ये वटहुकूम काढावा लागला. तरीही बहुतेक गावांत दारे उघडी राहिली, आणि ती कुणामुळे, हे आपण विसरू नये.

ही व्यवस्था आपल्याला नवीन नाही. 1978 च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार जगाने मान्य केला, त्याआधीच, 1970 मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली होती. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातली बाई नवजात बाळाला घरी जाऊन वाचवू शकते हे आकड्यांनी सिद्ध केले, आणि आज देशभरातल्या आशा ज्या घरभेटी करतात त्यांचे मूळ तिथे आहे. इतके थोर काम आपल्या मातीत झालेले असताना आपले उपकेंद्र असे दुबळे असावे, याचे मला फार वाईट वाटते.

दुबळे म्हणजे कसे, ते सांगते. सपाटीवर पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि डोंगरी, आदिवासी भागात तीन हजारांमागे एक, असा निकष आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तीस हजार आणि वीस हजार. राज्यात सुमारे 1,800 प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि साडेदहा हजारांवर उपकेंद्रे आहेत. कागदावर हे जाळे दाट दिसते. पण आमच्याकडची तीन हजार माणसे एका जागी राहत नाहीत. एक वाडी ओढ्याच्या अलीकडे, दुसरी पलीकडे, तिसरी दोन तास चढून. पावसाळ्यात ओढा भरला की पलीकडची वाडी बेटच होते. माणसे मोजून केंद्र देण्याबरोबर पायी लागणारा वेळही मोजा, ही मागणी डोंगरातल्या लोकांची जुनी आहे. शिवाय माणसे मोजली तीही 2011 च्या जनगणनेवरून. मे 2020 मध्ये गाव एका महिन्यात फुगले, ते कोणत्याच हिशेबात नव्हते. पुढच्या साथीतही मुंबईकर गावीच येणार आहेत. पाटण, जावळी, महाबळेश्वर आणि सगळ्या कोकणाचे नियोजन करताना हे धरूनच चालायला हवे.

आणि उपकेंद्रात माणसे किती? एक सिस्टर कायम, दुसरी कंत्राटी, एक आरोग्य सेवक, अलीकडे एक समुदाय आरोग्य अधिकारी. यांतली एखादी जागा रिकामी असणे ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. एक जागा रिकामी म्हणजे शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टरकडे ‘अतिरिक्त कार्यभार’. साथीत या अतिरिक्त कार्यभारावर स्वॅबच्या याद्या चढल्या, संपर्कातल्यांचा शोध चढला, कोविड सेंटरची ड्युटी चढली, नंतर लसीकरण चढले. मग नेहमीचे काम कोण करणार? 2020 च्या एप्रिलमध्ये गावातली लसीकरण सत्रे थांबली होती. क्षयाचे पाहा. देशात 2019 मध्ये सुमारे 24 लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, 2020 मध्ये ती सुमारे 18 लाखांवर आली. क्षय कमी झाला नव्हता, शोधणारे हात दुसरीकडे गुंतले होते. ते सहा लाख लोक त्या वर्षी कुठे खोकत होते, कुणाला लागण देत होते, हे कुठल्या कोविडच्या तक्त्यात येत नाही.

साथीत माणसे घेतली गेली, हे खरे. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर नर्स आल्या, वॉर्डबॉय आले, बीएएमएस डॉक्टर आले, लॅबचे तंत्रज्ञ आले. चांगली, धडपडी मुले होती. पीपीई किट घालून मे महिन्याच्या उन्हात राबली. लाट ओसरली की ऑर्डर संपायची, लाट चढली की पुन्हा शोधाशोध. यांतल्या कितीतरी जणांना आज विचाराल तर ते खाजगी नोकरीत आहेत किंवा घरी आहेत. साथीचा अनुभव असलेली इतकी माणसे एकदम तयार झाली होती आणि आपण ती हातची जाऊ दिली. रिक्त पदे भरताना त्यांच्या अनुभवाला वजन द्या. आणि रिक्त पदे भरा, कंत्राटाने नव्हे, कायम भरा. अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची सिस्टर गावात घर करत नाही, आणि विश्वास तर त्याच्या फार पुढची गोष्ट.

आशांच्या मोबदल्याबद्दल लिहिताना मला शरम वाटते, कारण मी शासनाचा पूर्ण पगार घेणारी बाई आहे. त्या आणि मी एकाच घरात शिरत होतो, एकाच पेशंटसमोर उभ्या राहत होतो. मला काही झाले असते तर रजा होती, पगार चालू होता. त्यांना मिळतो तो कामागणिक मोबदला. बाळाच्या सगळ्या घरभेटींचे मिळून 250 रुपये, अशा हिशेबाने. कोरोनाच्या कामाचे म्हणून केंद्राने महिना 1,000 रुपये धरले होते. जून 2021 मध्ये राज्यातल्या जवळपास सत्तर हजार आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा 1,000 रुपये वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता कबूल झाला. 22 मे 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांचा जागतिक सन्मान केला. त्यानंतरच्या वर्षी त्या पुन्हा संपावर होत्या. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 5,000 रुपयांची वाढ मंजूर केली, त्याबद्दल शासनाचे आभार मानले पाहिजेत आणि मी ते मनापासून मानते. पण दर वाढीसाठी त्यांनी आझाद मैदानात थंडीवाऱ्यात बसायचे, हे थांबायला हवे. ठराविक मानधन, ठराविक तारखेला, आणि निवृत्तीनंतर काहीतरी आधार. जिच्या शब्दावर अख्खी वाडी दार उघडते तिच्यासाठी हे मागणे जास्त नाही.

साथ नसताना तयारी करता येते, याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. नंदुरबार जिल्हा घ्या. पहिली लाट चालू असताना तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पुढचे ओळखले. सप्टेंबर 2020 मध्ये तिथे हवेतून ऑक्सिजन काढणारा पहिला प्रकल्प बसला, रुग्ण कमी झाले तेव्हाही काम थांबले नाही, आणखी प्रकल्प उभे राहिले. एप्रिल 2021 मध्ये, जेव्हा राज्यात एका दिवसात 68,631 नवे रुग्ण सापडले आणि शहरांत नातेवाईक सिलेंडरसाठी वणवण फिरत होते, तेव्हा राज्यातल्या अगदी मागास म्हटल्या जाणाऱ्या या जिल्ह्याकडे स्वतःचा ऑक्सिजन होता. डॉ. भारूड स्वतः भिल्ल समाजातून, साक्री तालुक्यातल्या सामोड्यातून आलेले डॉक्टर. दूरच्या पाड्यावर मदत पोहोचायला किती उशीर होतो हे त्यांना कुणी सांगावे लागले नसणार.

त्याच जिल्ह्यात नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यात, अक्कलकुवा आणि धडगावच्या पाड्यांकडे जायला रस्ता नाही, होडी लागते. तिथे तरंगता दवाखाना चालतो. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे बायका अंगणवाडीपर्यंत येईनाशा झाल्या, तेव्हा चिमलखेडीची एक अंगणवाडी सेविका होडी वल्हवत गरोदर बायकांपर्यंत आणि बाळांपर्यंत पोहोचत राहिली. तिचे सगळ्यांनी कौतुक केले, मीही वर्गात मुलांना सांगितले. पण मंत्री महोदय, तिचे कौतुक वाचताना मनात येत होते की इंजिनाची बोट आणि तिला चालवणारा माणूस तिच्या हाताशी असता तर? आपण माणसांच्या जिद्दीवर फार विसंबतो. जिद्द आहे म्हणून साधने द्यायची राहून जातात.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या लाटेत पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी पथके केली, रोज घरोघर तपासणी, लक्षण दिसले की लगेच वेगळे ठेवणे, शेती आणि दुधाचे काम वाटून घेणे, आणि मे 2021 मध्ये गाव कोरोनामुक्त झाले. त्यानंतर जूनमध्ये शासनाने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली, पहिले बक्षीस 50 लाख. स्पर्धेने हुरूप येतो. पण हिवरे बाजारात ग्रामसभेची सवय तीस वर्षांची आहे. जिथे ती नाही तिथे साथीच्या महिन्यात ती कशी येणार? दुसऱ्या लाटेत जास्त बाधित 18 जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद करून गावातच केंद्रे काढायला सांगितले गेले. निर्णय बरोबर होता. एकाच खोलीत आठ माणसे राहतात तिथे कसले विलगीकरण! पण शाळेत रुग्ण ठेवायचे तर शौचालय चालू हवे, पाणी हवे, रात्री कुणी दम लागल्याचे सांगितले तर फोनला रेंज हवी. हे सगळे एका आठवड्यात होत नाही.

म्हणून मी एक ठोस सूचना करते. आपल्या राज्यात दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. आरोग्य सेवक विहिरीभोवती फिरून पाहतो, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कुठे ठेवली आहे ते बघतो, आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पाच वर्षे हिरवे राहिले तर चंदेरी. लाल कार्ड आले की सरपंच धावपळ करतो, कारण गावाची लाज जाते. साधी, स्वस्त, सगळ्यांना कळणारी पद्धत. तशीच श्वासाच्या साथीसाठी गावाची तयारी का तपासू नये? वेगळे ठेवायची जागा कोणती, तिथे पाणी आणि संडास आहे का. ऑक्सिमीटर किती, त्यांचे सेल बदलले का. आमच्याकडचे मोहिमेतले ऑक्सिमीटर नंतर कपाटात पडून सेल गळून बिघडले. घरात एकटी राहणारी म्हातारी माणसे कोण, मधुमेहाच्या गोळ्या कुणाच्या चालू आहेत, त्यांची यादी ताजी आहे का. रात्री गाडी कुणाची, चालक कोण, 108 ची रुग्णवाहिका यायला किती वेळ लागतो. आशा आजारी पडली तर तिच्या जागी कोण. समितीची बैठक वर्षात झाली का. एवढे तपासून कार्ड द्या. ते ग्रामसभेत वाचून दाखवा. आम्ही शिक्षक यादी करायला मदत करू, शाळेतली मोठी मुलेसुद्धा हे आनंदाने करतील.

याला लागणारा पैसाही फार नाही. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला दहा हजारांचा अबंधित, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा निधी धरलेला असतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 मध्ये सुरू झाले, त्या काळातला हा आकडा. दहा हजारांत तेव्हा काय येत होते आणि आज काय येते, हे कुठल्याही घरातली बाई सांगेल. तो वाढवा, वेळेवर द्या, आणि त्याचा हिशेब गावापुढे मांडणे सक्तीचे करा. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. राज्यांनी 2020 पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर खर्च करावा, आणि आरोग्याच्या पैशातला दोन तृतीयांश किंवा अधिक वाटा प्राथमिक सेवेवर जावा. महाराष्ट्र त्या आठ टक्क्यांच्या बराच खाली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने कोरोना डोळ्यांपुढे ठेवून स्थानिक संस्थांमार्फत प्राथमिक आरोग्यासाठी देशाला पाच वर्षांत 70,051 कोटी रुपयांची शिफारस केली होती. 2021 ते 2026 या त्या पाच वर्षांत आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला किती आले, त्यातून किती उपकेंद्रांना छप्पर, पाणी, वीज मिळाली, हे प्रत्येक जिल्हा परिषदेने गावनिहाय जाहीर करावे. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. नेमक्या याच पैशाच्या काळात आम्हाला विचारायला आमचा सदस्य नव्हता. म्हणून हा हिशेब जास्तच गरजेचा आहे.

आणखी एक अडचण आहे, ती आपल्याच पातळीवर सुटण्यासारखी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांखाली. ग्रामीण रुग्णालय आणि सिव्हिल राज्याकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांखाली. पेशंट मात्र एकच. आमच्या उपकेंद्रातून चिठ्ठी घेऊन वर गेलेला माणूस बरा होऊन परत आला की नाही, त्याला घरी काय जपायचे आहे, स्टिरॉइड दिली म्हणून साखर वाढली आहे का, हे खाली कुणी कळवत नव्हते. आशाला ते शेजारणीकडून कळायचे. काहींच्या बाबतीत ते अंत्यविधीच्या दिवशी कळले. वरून खाली येणारी एक ओळ, डिस्चार्जच्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टरच्या फोनवर, एवढे सक्तीचे झाले तर कोरोनाच काय, हृदयविकार, बाळंतपण, अपघात सगळ्यांतच उपयोग होईल. 15 ऑगस्ट 2023 पासून आपण सरकारी दवाखान्यांतले उपचार मोफत केले, केसपेपरचे पैसेसुद्धा घेणे बंद केले. इतका मोठा निर्णय घेणाऱ्या खात्याला ही एक ओळ जड नाही.

लसीकरणाच्या वेळचेही लिहिते, कारण पुढच्या वेळी तसे होऊ नये. मे 2021 मध्ये 18 ते 44 वयोगटाला आधी कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची होती. रेंज शोधत मुले टेकडीवर जाऊन बसायची आणि काही सेकंदांत स्लॉट संपायचे. राज्यात ठिकठिकाणी शहरातले लोक गाड्या घेऊन खेड्यातल्या केंद्रांवर लस घ्यायला गेले आणि त्या गावचे तरुण बाजूला उभे राहून बघत होते. ज्यांनी नोंदणी केली त्यांचा दोष नव्हता, पद्धत तशी होती. नंतर ऑक्टोबरमध्ये मिशन कवच कुंडल ही लसीकरण मोहीम आली, पाठोपाठ हर घर दस्तक, आणि आशांच्या वहीवरून माणूस-माणूस शोधून लस दिली गेली, तेव्हाच वाड्या पूर्ण झाल्या. पुढच्या वेळी त्या वहीपासून सुरुवात करा. शहराला ॲप द्या, डोंगराला यादी आणि दिवस द्या.

एक गोष्ट शिक्षिका म्हणून. साथीत आम्हा शिक्षकांना चेकपोस्टवर, रेशन दुकानांवर, सर्वेक्षणाला जुंपले, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, गावासाठी ते केलेच पाहिजे होते. पण कुणालाही आधी काही शिकवलेले नव्हते. ऑक्सिमीटर नेलपॉलिश लावलेल्या बोटाला लावू नये, थंड हात आधी चोळून गरम करावेत, सहा मिनिटे चालून पुन्हा मोजावे, हे मला आशाताईने वाटेत शिकवले. दरवर्षी जूनमध्ये, शाळा उघडताना, पीएचसीच्या डॉक्टरांनी गावातल्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, पोलीस पाटलांना अर्धा दिवस शिकवावे. त्याच बैठकीत कार्डाची तपासणीही होऊन जाईल.

माझी विनंती आहे की हे पत्र फाईलला लागू नये. मंत्री महोदयांनी श्वसनाच्या साथीच्या तयारीचे कार्ड येत्या पावसाळ्याआधीच्या पाणी सर्वेक्षणाबरोबर निदान डोंगरी आणि आदिवासी तालुक्यांत सुरू करण्याचा आदेश द्यावा. आरोग्य समित्यांनी आपापल्या जिल्ह्यातल्या उपकेंद्रांची रिक्त पदे, आशांच्या थकीत मोबदल्याची रक्कम आणि वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडावा, आणि त्याची प्रत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. उत्तर लेखी मिळाले तर मी ते आमच्या ग्रामसभेत वाचून दाखवीन.

आपली,
जिल्हा परिषद शाळेतील एक शिक्षिका
तालुका पाटण, जिल्हा सातारा